'आधी थेरपी बंद करा, मग या' म्हणणाऱ्या असेसमेंट टीम्सना खुलं पत्र

लहान मुलांचं ऑटिझम असेसमेंट करणारे डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, थेरपिस्ट आणि सेंटर चालवणारी सगळी मंडळी,

स.न.वि.वि.

मी कुठल्याही एका सेंटरचं नाव घेणार नाहीये, आणि हे पत्र कुणाला बदनाम करायला लिहीत नाहीये हे आधीच सांगतो. आमच्या मुलाचं असेसमेंट झालं आणि हातात रिपोर्ट आला, त्यात शेवटच्या परिच्छेदात असं लिहिलंय की मूल सध्या थेरपी घेत असल्यामुळे मूळ लक्षणांचं चित्र स्पष्ट दिसत नाही, तरी काही काळ थेरपी थांबवून पुन्हा असेसमेंटसाठी यावं. बस्स. ऑटिझम आहे असं नाही, नाही असंही नाही, पुढे काय करायचं तेही नाही. थेरपी थांबवा आणि परत रांगेत उभे राहा. अपॉइंटमेंट घेतानाही फोनवर हेच सांगितलं होतं, तारीख मिळेपर्यंत स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) वगैरे काही सुरू करू नका, नाहीतर टेस्टवर परिणाम होतो. आम्ही ते ऐकलं नाही. ऐकणारही नव्हतो, कारण त्या वेळी आमचा मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला होता, एक शब्द बोलत नव्हता, आणि वेटिंग लिस्ट कधी संपणार ते फोनवरच्या बाईंनाही सांगता येत नव्हतं.

नंतर इतर आईबाबांशी बोललो तेव्हा कळलं की हे फक्त आमच्याच वाट्याला आलेलं नाही. कुणाला तोंडी सांगितलंय, कुणाला छापील सूचनांमध्ये, कुणाला अगदी सहज जाता जाता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करून टाकतो म्हणजे वाद भलतीकडे जायला नको. लवकर सुरू केलेल्या थेरपीचा असेसमेंटवर परिणाम होऊ शकतो. होतोच काही वेळा. तुम्ही जे म्हणता ते हवेतलं नाहीये. पण त्यातून तुम्ही जो निष्कर्ष काढता, की मग थेरपीच थांबवा, तो मला उलटा वाटतो. थेरपीमुळे मूल बदलत असेल तर असेसमेंट करायची पद्धत बदलायला हवी. मुलाला मागे ढकलून टेस्टच्या सोयीचं करून आणायचं ही काय पद्धत झाली?

आता परिणाम नेमका कसा होतो ते मी घरात बसून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण मला वाटतं तुमच्यापैकी काही जण इथेच घाई करतात.

आमचा मुलगा हाक मारली की बघायचा नाही. कान तपासून घेतले, ऐकू नीट येतं. थेरपिस्टने सांगितलं, हाक मारा, दोन क्षण थांबा, बघितलं की त्याच्या आवडीचं काहीतरी करा, गुदगुल्या, उडी, जे आवडेल ते. हळूहळू तो हाकेला बघायला लागला. असेसमेंटच्या दिवशी मॅडमनी हाक मारली, त्याने मान वळवून बघितलं, कागदावर टिक झाली. बरोबरच आहे, बघितलं तर टिक होणारच. पण तो हाकेला बघतो आणि मग थांबून राहतो, पुढे काय येणार याची वाट बघत. हाक मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय आहे, तो कुठे बघतोय, काही सांगतोय का, यात त्याला रस नसतो. हाकेला मान वळवणं शिकवता येतं, पण हाक मारणाऱ्या माणसात रस वाटणं वेगळं. ते अजून व्हायचंय. टिकने यातलं काय टिपलं?

बोट दाखवण्याचंही तेच. हवी ती वस्तू मागायला बोट दाखवणं तो शिकलाय, सुंदर शिकलाय, मला त्याचा प्रचंड अभिमान आहे. पण 'बाबा ते बघ!' म्हणून, काही नको असताना, फक्त मला दाखवायचं म्हणून तो बोट करत नाही. तुमची एडॉस-2 टेस्ट, म्हणजे मुलाशी खेळत-बोलत ऑटिझमची लक्षणं बघून गुण देणारी ती टेस्ट, मागणं आणि दाखवणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजते हे मला माहितीये. आमच्या रिपोर्टमध्ये मात्र 'बोटाने निर्देश करतो' एवढंच वाक्य आहे.

आणि टेस्टची खोली. शांत खोली, खाली बसलेलं एक मोठं माणूस, समोर खेळण्यांचा डबा, एकावेळी एकच खेळणं बाहेर येणार, ते माणूस मुलाच्या उंचीला येऊन हसत बोलणार, वाट बघणार. अहो ही तर अगदी आमची थेरपीची खोली झाली! ज्या परिस्थितीत तो आठवड्यामागून आठवडे सराव करतोय अगदी त्याच परिस्थितीत तुम्ही त्याला बघितलंत, आणि तो तिथे त्याच्या सगळ्यात चांगल्या रूपात असतो. त्याला बागेत पाच मुलांमध्ये सोडा, कुणीही प्रॉम्प्ट, म्हणजे खूण किंवा आठवण, न देता, मग बघा. तो कडेला जाऊन गेटचा कडी-कोयंडा वरखाली करत बसतो आणि बाकीची मुलं जणू तिथे नाहीतच. हे रिपोर्टमध्ये कुठेच नाही कारण ते कुणी बघितलं नाही आणि विचारलंही नाही.

अजून एक गंमत म्हणजे आम्ही आईबापच बदललोय. पालकांना शिकवणारी थेरपी असली की ती शेवटी आमच्याच अंगवळणी पडते. आम्ही नकळत खाली बसतो, त्याच्या नजरेच्या रेषेत येतो, वाक्य अर्धवट सोडून थांबतो, तो जे करतो त्याचीच नक्कल करतो. खोलीत आम्ही असलो की निम्मं काम आमच्याकडून होत असतं आणि गुण मुलाच्या खात्यावर पडतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मूल किती छान प्रतिसाद देतंय.

तर हो, परिणाम होतो. आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार थेरपी थांबवा या सूचनेबद्दल. तुमच्याच क्षेत्रातल्या मोठ्या संस्था याच्या बरोब्बर उलट सांगतात. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स 18 आणि 24 महिन्यांना ऑटिझमचं स्क्रीनिंग करायला सांगते, आणि त्यांच्या 2020 च्या रिपोर्टमध्ये हेही आहे की विकासात उशीर दिसला की मदत सुरू करा, पक्क्या डायग्नोसिससाठी थांबू नका. बोलणं उशिरा येतंय यासाठी स्पीच थेरपी लागते, त्यासाठी ऑटिझमचा शिक्का लागत नाही. मग 'टेस्ट स्वच्छ राहावी' म्हणून लहानग्याचे महिनेच्या महिने कोरडे घालवायचे हा सल्ला कुठून आला? मी खरंच विचारतोय, कुठल्या मार्गदर्शक सूचनेत आहे ते दाखवा, मी वाचेन.

आणि थेरपी थांबवल्याने थेरपीआधीचं मूल परत येतं हे गृहीतच चूक आहे. शिकलेलं सगळं पुसलं जात नाही. पण त्याची रोजची घडी विस्कटते, ओळखीची ताई दिसेनाशी होते, ठरलेल्या वारी ठरलेल्या ठिकाणी जाणं बंद होतं, आणि ज्या मुलाला दिनक्रमातला छोटा बदलही सोसत नाही ते मूल अस्वस्थ होऊन तुमच्यासमोर येतं. तुम्ही मग जे बघता ते त्याचं 'मूळ चित्र' नसतं, ती त्याची त्या महिन्यातली घालमेल असते. म्हणजे चित्र आणखी गढूळ, वर मुलाचं नुकसान वेगळं.

दुसरी तक्रार, संशोधन काय सांगतं ते तुम्ही आम्हाला अर्धंच सांगता. मी डॉक्टर नाही, पण वाचता येतं आणि मुलाचा प्रश्न असला की माणूस रात्री जागून वाचतो. लवकरच्या थेरपीचा सगळ्यात गाजलेला एक अभ्यास म्हणजे अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल या खेळातून शिकवणाऱ्या थेरपीचा, जेराल्डीन डॉसन आणि सहकाऱ्यांचा, 2010 साली आलेला. 18 ते 30 महिन्यांची 48 मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एका गटाला दोन वर्षं आठवड्याला साधारण 20 तासांच्या बेताने आखलेली थेरपी, दुसऱ्याला जी नेहमीची मदत मिळते ती. दोन वर्षांनी थेरपी गटाचा बुद्ध्यांक सरासरी 17.6 गुणांनी वाढला, दुसऱ्या गटाचा 7 गुणांनी. भाषा सुधारली, रोजची कामं करण्याची क्षमता टिकली. आणि एडॉसवरची तीव्रता? दोन गटांत लक्षणीय फरकच नव्हता! म्हणजे दोन वर्षं इतकी भरगच्च थेरपी देऊनही ती टेस्ट पुसली गेली नाही, आणि आमच्या आठवड्यातल्या मोजक्या सेशन्सनी सगळं झाकून टाकलं म्हणता?

त्याच अभ्यासात डॉक्टरांनी दिलेलं डायग्नोसिस मात्र काही मुलांचं बदललं, हेही सांगायला हवं. थेरपी गटातल्या 24 पैकी 7 मुलं 'ऑटिस्टिक डिसऑर्डर'मधून 'पीडीडी-एनओएस' या सौम्य गटात आली, दुसऱ्या गटात 21 पैकी 1. पण हे दोन्ही गट 2013 च्या डीएसएम-5 ने, म्हणजे डायग्नोसिसचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या पुस्तकाने, एकाच ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये आणून टाकले. तर बदल झाला तो बऱ्याच अंशी स्पेक्ट्रमच्या आतल्या आत.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सोयीचं तेवढंच उचललं. 2021 मध्ये अँड्र्यू व्हाइटहाउस यांच्या टीमचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला. त्यात ऑटिझमची सुरुवातीची चिन्हं दिसणारी, साधारण 9 ते 14 महिन्यांची बाळं घेतली होती. डायग्नोसिस व्हायच्या आधीच आईबाबांसोबत व्हिडिओ बघून बघून बाळाचे इशारे कसे ओळखायचे हे शिकवलं, पाच महिन्यांत 10 सेशन्स. तीन वर्षांचं वय झाल्यावर, कुणाला कुठली मदत मिळाली हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तपासलं, तर त्या गटातल्या 6.7 टक्के मुलांमध्ये ऑटिझमचे निकष पूर्ण झाले आणि नेहमीची मदत मिळालेल्या गटात 20.5 टक्के. अभ्यास छोटा आहे, शंभरेक बाळांचा, आणि तोही एक वर्षाच्या आसपासच्या बाळांचा. पण परिणाम होऊ शकतो हे त्यातून दिसतं. गंमत बघा, तिथे कुणी असं म्हटलं नाही की अरेरे आमची टेस्ट बिघडली. त्यांनी त्याला यश म्हटलं.

आणि 2023 चा बोस्टनमधला अभ्यास. 12 ते 36 महिन्यांत ऑटिझमचं डायग्नोसिस झालेली 213 मुलं 5 ते 7 वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तर 37 टक्के मुलं तेव्हा निकषात बसत नव्हती. जवळजवळ सगळ्यांनीच काही ना काही थेरपी घेतली होती, पण कुणी किती तास घेतली याचा आणि निकाल बदलण्याचा संबंध सापडला नाही. सुरुवातीला ज्यांची रोजच्या व्यवहारातली कौशल्यं चांगली होती त्यांच्यात आणि मुलींमध्ये बदल जास्त दिसला. म्हणजे 'थेरपीने ऑटिझम गेला' हेही सरळ म्हणता येत नाही आणि 'आधीचं डायग्नोसिसच चुकीचं होतं' हेही नाही. या वयात मुलं वाढतात, बदलतात, थेरपीशिवायही. एका मुलाच्या बाबतीत काय कशामुळे झालं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, कारण थेरपी न घेतलेला तोच मुलगा आपल्याकडे तुलनेला नसतो. मग रिपोर्टमध्ये 'थेरपीमुळे' हा शब्द इतक्या खात्रीने कसा काय लिहिता?

तिसरी तक्रार मुलाच्या इतिहासाची. डीएसएम-5 मध्ये ऑटिझमच्या लक्षणांबद्दल स्पष्ट लिहिलंय की ती सध्या दिसत असतील किंवा पूर्वी दिसली असतील. 'किंवा पूर्वी'. लक्षणं नंतर शिकलेल्या गोष्टींमुळे झाकली जाऊ शकतात हेही त्याच निकषांत आहे. म्हणजे ज्यांनी निकष लिहिले त्यांनी आमच्या मुलासारख्या मुलांचा विचार आधीच करून ठेवलाय. तरीही आम्हाला पूर्वीचं काय विचारलं? एक प्रश्नावली, हो-नाहीची. हाकेला बघतो का? हो. बोट दाखवतो का? हो. कधीपासून, कशामुळे, कुणी शिकवल्यावर, किती वेळा, अनोळखी माणसाने हाक मारली तर, असं काहीही नाही. आम्ही मोबाईलमध्ये थेरपीच्या आधीचे व्हिडिओ घेऊन गेलो होतो, तारखांसकट. ते बघायला वेळ नाही म्हणाले. त्याच्या थेरपिस्टला फोन करा म्हटलं, ते आमच्या प्रोसेसमध्ये नाही म्हणाले.

मग प्रोसेसमध्ये काय आहे हो?

चष्मा लावून तक्ता वाचला म्हणून कुणी नंबर गेला असं लिहीत नाही, आणि महिनाभर चष्मा काढून ठेवा मग डोळे तपासू असंही सांगत नाही. चष्म्यासकट काय दिसतं आणि चष्म्याशिवाय काय, दोन्ही लिहितात. एवढंच मागणं आहे आमचं.

चौथी, स्कोअरची पूजा. एडॉस बनवणाऱ्या कॅथरिन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही ती टेस्ट एकटीच्या जोरावर डायग्नोसिस द्यायला केलेली नाही, इतिहास आणि तज्ज्ञाचं मत त्यासोबत लागतंच. 12 ते 30 महिन्यांच्या बाळांसाठी जे टॉडलर मोड्यूल आहे त्यात तर मुद्दामच 'काळजीची पातळी' सांगतात, ठाम शिक्का देत नाहीत, कारण त्या वयात ठाम बोलणं अवघड असतं. टेस्ट बनवणारे इतके जपून बोलतात आणि वापरणारे कट-ऑफच्या, म्हणजे ऑटिझम धरायला लागणाऱ्या गुणांच्या, खाली एक गुण आला की फाईल बंद करतात! आणि फाईल बंद झाली की मदत बंद. ज्या मदतीमुळे स्कोअर खाली आला तीच मदत स्कोअर खाली आला म्हणून काढून घ्यायची. हे लिहिताना माझा हात थरथरत नाहीये, डोकं मात्र तापतं.

याची दुसरी बाजूही आहे. माझ्या ओळखीतल्या एका आईला सांगितलं गेलं की वर्षभर थेरपी करूनही एडॉसचा स्कोअर तोच आहे, म्हणजे फायदा झाला नाही. तिचं मूल आता हाताला धरून नेऊन का होईना पण काय हवं ते सांगतं, रात्री झोपतं, कपडे घालू देतं. एडॉस प्रगती मोजायला केलेलीच नाही, छोटे बदल त्यात दिसत नाहीत, म्हणूनच तर तसे बदल टिपायला बॉस्क नावाची वेगळी पद्धत संशोधकांना तयार करावी लागली. हे त्या आईला कोण सांगणार? ती घरी जाऊन रडली.

पाचवी गोष्ट थोडी थेरपी सेंटरवाल्यांसाठी, कारण पत्र फक्त असेसमेंटवाल्यांना लिहून मी त्यांना सुटू देणार नाही. काही जण चक्क टेस्टचा सराव करून घेतात. टेस्टमधली तीच खेळणी, तेच साबणाचे फुगे, तेच प्रश्न, 'डोळ्यात बघ, डोळ्यात बघ'. आणि मग आधीचा स्कोअर आणि नंतरचा स्कोअर शेजारी शेजारी छापून जाहिरात, ऑटिझम रिव्हर्स केला म्हणून. असेसमेंट टीम्सचा थेरपीवर जो अविश्वास बसलाय त्याला हे लोक बऱ्यापैकी जबाबदार आहेत असं माझं मत आहे. मुलाला टेस्ट पास करायला शिकवणं ही थेरपी नाही. मोठे झालेले कितीतरी ऑटिस्टिक लोक सांगतात की लहानपणी त्यांना नॉर्मल दिसायला शिकवलं आणि त्या दिसण्याची किंमत ते अजून थकून थकून मोजतायत. मला माझा मुलगा टेस्टमध्ये नापास झालेलाही चालेल आणि पास झालेलाही चालेल, त्याला त्याचं म्हणणं सांगता यावं आणि आम्हाला ते कळावं, एवढ्यासाठी आम्ही तिकडे जातो.

कुणी विचारेल, मग डायग्नोसिसचा हट्ट तरी कशाला, थेरपी चालू आहे ना. कारण व्यवहारात त्या कागदावर फार काही अडलेलं असतं. कुठली मदत मिळणार, किती, शाळेत त्याच्यासाठी काय सोय होणार, हे बऱ्याच वेळा त्या कागदावर ठरतं. शिवाय आम्हालाही कळायला हवं की आपण कशाशी वागतोय. 'निष्कर्ष काढता येत नाही' या वाक्यावर घर चालत नाही.

आता मागण्या. सरळ लिहितो.

थेरपी सुरू करू नका, थांबवून या, ही सूचना लेखी आणि तोंडी दोन्हीकडून काढून टाका. फोनवर बसणाऱ्या माणसालाही तसं सांगा, कारण आईबाप सगळ्यात आधी त्याच्याशी बोलतात आणि त्याचा शब्द डॉक्टरचा शब्द समजतात. उलट तिथेच सांगा, वाट बघताय तोवर जी मदत मिळतेय ती सुरू करा.

तुम्हाला थेरपीआधीचं चित्र हवंय ना, मग ते नाव नोंदवतानाच घ्या. वेटिंग लिस्टमध्ये नाव घालताना अर्ध्या तासाची एक मुलाखत, फोनवरही चालेल, मूल आज काय करतं, काय करत नाही, आणि चार छोटे व्हिडिओ मागवून घ्या: एकटं खेळताना, हाक मारल्यावर, दुसऱ्या मुलांजवळ, आणि मनाविरुद्ध काही झाल्यावर. तारीख टाकून फाईलला लावा. याला ना महागडं मशीन लागतं ना नवीन माणूस. असेसमेंटच्या दिवशी ते उघडून बघा, तेवढीच अट.

मुलाच्या थेरपिस्टशी बोला किंवा एक पानाचा फॉर्म पाठवा. कुठली गोष्ट शिकवली, कुठली आपोआप आली, कुठली गोष्ट हात धरून करतो, कुठली खूण केल्यावर, कुठली कुणी काहीच न करता. हे त्या लोकांकडे सेशनच्या वहीत लिहिलेलं असतं, आयतं.

खोलीबाहेरचं मूल बघा. शक्य असेल तर इतर मुलांमध्ये, नसेल तर पाळणाघरातल्या किंवा प्लेग्रुपच्या ताईंना विचारा. आणि टेस्टमध्ये काही वेळ आईबाबांना गप्प बसायला सांगा, आम्ही वाईट मानणार नाही.

रिपोर्टमध्ये 'करतो' आणि 'करत नाही' या दोनच रकान्यांऐवजी किती मदतीने करतो ते लिहा. डीएसएम-5 मध्ये ऑटिझमच्या पातळ्याच मुळी किती आधार लागतो यावर ठरवल्यात, मग रिपोर्टमध्ये आधाराचा उल्लेख टाळून कसं चालेल?

खात्री नसेल तर खात्री नाही असं लिहा, आम्ही मोठी माणसं आहोत, झेपतं. पण त्याच्यासोबत तात्पुरतं मत, पुढच्या तपासणीची ठरलेली तारीख, आणि तोपर्यंत ही ही मदत चालू ठेवावी अशी स्पष्ट शिफारस द्या. दुसऱ्यांदा बोलावताना परत वेटिंग लिस्टच्या शेपटाला नेऊन उभं करू नका. स्कोअर खाली आला म्हणून मदत लगेच बंद करू नका, हळूहळू कमी करून बघा, टिकतंय का ते बघा, मग ठरवा.

थेरपी सेंटर्सना एकच सांगणं, टेस्टचा सराव आणि स्कोअरच्या जाहिराती बंद करा.

तुमच्यावर किती ताण आहे ते आम्हाला दिसत नाही असं नाही. दाराबाहेर बसलेली आईबापांची रांग आम्ही पण बघतो, त्या रांगेतच आम्ही असतो. एका मुलासाठी जास्त वेळ दिला की रांगेतल्या दुसऱ्याला उशीर होतो हेही कळतं. पण आत्ताच्या पद्धतीत आमच्यासारख्यांना तुम्ही दुसऱ्यांदा बोलावताय, म्हणजे तोच वेळ दोनदा जातोय, आणि निष्कर्ष शून्य. व्हिडिओ बघायची दहा मिनिटं त्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडतील.

आमच्यापुरतं सांगायचं तर आम्ही थेरपी थांबवणार नाही. पुन्हा असेसमेंटला येऊ, थेरपी चालू ठेवूनच येऊ, सोबत जुने व्हिडिओ, थेरपिस्टचं पत्र आणि बागेतला नवा व्हिडिओ घेऊन येऊ, आणि ते बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहू नका अशी विनंती लेखी देऊ. ती विनंती नाकारायची असेल तर कारणही लेखी द्या, म्हणजे ते घेऊन पुढे कुठे दाद मागायची ते आम्हाला ठरवता येईल.

आपला,
वेटिंग लिस्टमध्ये दुसऱ्यांदा नाव लागलेल्या एका मुलाचा बाबा